थांबलेला चेंडू

बॅटिंग टी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. कारण गेल्या वर्षभरात आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने गच्चीवरची ती वस्तू बघून आपापला अंदाज बांधलेला आहे. नाशिकच्या काकांना ते अर्धवट राहिलेलं तुळशीवृंदावन वाटलं. शेजारच्या वहिनींनी "उन्हाळ्यात छत्री लावायला का हो?" असं विचारलं. आणि आमचे मेहुणे, ज्यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सापडतो, ते "टी वर आहे" हे ऐकून बिस्किटाचा पुडा घेऊन जिना चढले. असो.

तर मंडळी, बॅटिंग टी म्हणजे एक उभी नळी. खाली जड बूड, वर रबराचं तोंड. त्या तोंडावर चेंडू ठेवायचा. तो तिथे गप बसून राहतो. आपण बॅट फिरवायची आणि त्याला समोरच्या जाळीत मारायचं. बस्स, एवढंच! बेसबॉल आणि सॉफ्टबॉल खेळणारी लहान मुलं यावर फटका शिकतात. पण नुसती लहान मुलंच नाही. अमेरिकेतले नावाजलेले व्यावसायिक खेळाडूसुद्धा सामन्याआधी जाळीसमोर उभे राहून याच नळीवरचे चेंडू मारतात. गलेलठ्ठ पगार घेणारा माणूस थांबलेल्या चेंडूला मारत बसतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही. का येत नाही, तेच आज लिहायला बसलोय.

आमची धाकटी तेरा वर्षांची, आठवीत. दोन वर्षांपासून शाळेच्या संघातून बेसबॉल खेळते. आमचं गाव औरंगाबाद (कागदोपत्री २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, आईच्या तोंडी अजून कधीकधी औरंगाबादच). इथे हातात बॅट घेतलेलं पोर दिसलं की लोक क्रिकेट समजूनच बोलायला लागतात. त्यात आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राकडून रणजी खेळला, त्यामुळे प्रत्येक नातेवाइकाकडे एक तयार उदाहरण. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकल्यापासून तर विचारूच नका. "अरे, आता मुलींच्या क्रिकेटला पैसा आहे, नाव आहे. हे बेसबॉल कुठून काढलं?"

कुठून काढलं याचं उत्तर अगदी साधं आहे. शाळेत तो खेळ होता, एका मैत्रिणीने नाव दिलं म्हणून हिनेही दिलं. आपल्या शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही असतात. शहर किंवा तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्या. ज्यांना हिशेबच हवा असतो त्यांना मी सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण सांगतो. हेही सांगतो की २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतच आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटच्या बरोबरीनेच बेसबॉल-सॉफ्टबॉललाही प्रवेश मिळाला. त्यावर काका म्हणतात, "म्हणजे आपली छकुली ऑलिंपिकला जाणार का?" नाही हो काका. बहुतेक नाही जाणार. पण तेरा वर्षांच्या मुलीच्या संध्याकाळचा हिशेब इतक्या लांबून कशाला मांडायचा?

गेल्या पावसाळ्यात सरावात एक चेंडू तिच्या कोपरावर बसला. यात कुणाचाच दोष नाही. ओला चेंडू होता, टाकणारीही तिच्याएवढीच पोरगी, हातातून निसटला. बेसबॉलचा चेंडू वजनाला १४२ ते १४९ ग्रॅम, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडाच हलका. हाडावर बसला की डोळ्यांसमोर काजवे! कोपर टम्म सुजलं. क्ष-किरण काढला, हाड शाबूत होतं. आठ-दहा दिवसांत सूज उतरली आणि ती पुन्हा मैदानावर गेली.

सूज उतरली, पण धास्ती काही उतरली नाही.

बेसबॉलमध्ये बॅटिंग करणाऱ्याने पुढचा पाय चेंडू टाकणारीच्या दिशेने टाकायचा असतो. हिचा पाय आता बाहेर पळायला लागला. तिला ठाऊकही नव्हतं. चेंडू निघाला रे निघाला की पाय आपोआप बाजूला. पाय गेला की कंबर गेली, कंबर गेली की डोकं गेलं, आणि बॅट नुसती हवेत. तसा या खेळात एक दिलासा आहे. सामन्यात पिचरचा चेंडू बॅटरला लागला तर पहिला बेस फुकट मिळतो. मी तिला गमतीने ते सांगितलं, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लगेच वर्तमानपत्र उघडलं.

जरा गणित करून बघा. चेंडू ताशी ७० किलोमीटरने येतोय आणि टाकणारी १५ मीटरवर आहे असं धरलं, तर चेंडू पोचायला जेमतेम पाऊण सेकंद लागतो. मोठ्यांच्या खेळात अंतर १८.४४ मीटर असतं, पण वेग ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास गेला की हातात उरतो अर्धा सेकंदसुद्धा नाही. एवढ्या वेळात बघायचं, ठरवायचं आणि मारायचं. यात भीतीला जागा द्यायची कुठून? भीती आली की बाकीच्या तिन्ही गोष्टी बाहेर!

सलग तीन सराव सामन्यांत ती एकही चेंडू न लागता परत आली. चौथ्या दिवशी बूट काढताना म्हणाली, "बाबा, मी सोडते बेसबॉल. पुढच्या वर्षी नववी आहे, मग दहावी. अभ्यास वाढेल."

आता, आपल्या घरांत "अभ्यासासाठी सोडते" या वाक्याला कुणी विरोध करत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलींचे खेळ सुटतात ते बरेचदा याच सभ्य वाक्यावर. मी म्हटलं, "सोडायचं तर सोड. पण आधी सरांना तू स्वतः सांग." ती गेली सांगायला.

सरांनी काय करावं? त्यांनी समजूतही घातली नाही आणि हिंमतीवर भाषणही दिलं नाही. मला बोलावून एका कागदावर नळीचं चित्र काढून दिलं आणि म्हणाले, "सहा आठवडे घरी हे करू द्या. मग सोडू दे." मग त्यांनी मला त्यांची अडचण सांगितली. मुली अठरा, सरावाची वेळ दीड तास. सगळा वेळ फक्त बॅटिंगला दिला तरी प्रत्येकीच्या वाट्याला पाच मिनिटं. कालव्याच्या शेवटच्या शेताला पाणी पोचतं तितपत! जी मुलगी आधीच घाबरलेली आहे, तिचा पाय त्या पाच मिनिटांत सुधारणार कसा? घरी मात्र चेंडूची वाट बघावी लागत नाही. चेंडूच वाट बघत थांबलेला असतो.

विकतची टी मी पाहिली. बरी म्हणावी अशी दीड-दोन हजारांपासून पुढे. पण मी वाळूजला कारखान्यात देखभाल विभागात नोकरी करतो. नळ्या, बोल्ट आणि क्लॅम्प यांत माझं अर्धं आयुष्य गेलं, विकत घेतली असती तर सहकाऱ्यांना तोंड दाखवता आलं नसतं :-)

रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा घेतला. त्यात सव्वा इंची पीव्हीसी पाइप उभा धरून कमरेपर्यंत काँक्रीट भरलं (कमरेपर्यंत म्हणजे डब्याच्या कमरेपर्यंत). त्या पाइपात बारीक पाइप सरकवला, दोन्हींना ड्रिलने ओळीत भोकं पाडली आणि आरपार बोल्ट टाकला, की उंची कमी-जास्त करता येते. मांडीपासून छातीपर्यंत कुठेही चेंडू ठेवता यायला हवा. वरच्या टोकाला गॅरेजमधून आणलेला मोटारीच्या रेडिएटरचा जुना रबरी होज, वीतभर. चुकून बॅट खाली लागली तरी रबर वाकतं आणि पुन्हा ताठ उभं राहतं. सगळा खर्च साडेचारशेच्या आत.

जाळीसाठी जाधववाडीच्या मोंढ्याकडच्या एका दुकानातून हिरवी शेडनेट आणली. आपल्या मराठवाड्यात रोपवाटिकेवर असते ना, तीच. दुहेरी करून गच्चीच्या दोन खांबांमध्ये टांगली. इथे एक गोष्ट सांगतो, कुणाला करायची असेल तर उपयोगी पडेल. जाळी ताणून बांधू नका. ताणली की चेंडू तसाच उलटा अंगावर येतो. सैल सोडा, आणि मागे एक गोधडी लोंबती ठेवा. चेंडू गोधडीत जातो आणि दमलेल्या मांजरासारखा खाली पडतो. शिवाय आवाज कमी होतो. ॲल्युमिनियमच्या बॅटचा "टण्ण" आवाज दुपारी चारला ऐकून खालच्या मजल्यावरचे आजोबा एकदा जिन्यात येऊन उभे राहिले होते. तेव्हापासून आमची वेळ संध्याकाळी साडेपाचनंतर. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहा, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळीही गच्ची तव्यासारखी असते. ऊन त्या पाइपलाही सोसत नाही. एक उन्हाळा गेला की पीव्हीसी ठिसूळ होतो, मग नवा तुकडा घालायचा.

सरांनी तीन नियम घालून दिले होते. रोज पन्नास चेंडू, रविवारी सुट्टी. प्रत्येक चेंडू जाळीच्या मधोमध गेला की नाही ते वहीत लिहायचं. आणि तिसरा नियम माझ्यासाठी: चेंडू ठेवायचा, हात मागे घ्यायचा, "ठेवला" म्हणायचं. याखेरीज एक शब्द नाही.

तिसरा नियम सगळ्यात अवघड होता हे कुणाही बापाला सांगायला नको. "ठेवला" हा शब्द सुरक्षिततेसाठी. तो ऐकू आल्याशिवाय तिने बॅट हलवायची नाही, म्हणजे माझी बोटं माझ्याकडेच राहतात. पण पन्नास वेळा "ठेवला" म्हणणं आणि मधल्या पन्नास जागा रिकाम्या ठेवणं... मी कारखान्यात यंत्र बिघडलं की कान लावून ऐकतो, म्हणून निदान ऐकायची तरी सवय होती. मी ऐकत राहिलो.

आणि खरंच, ऐकूनच कळतं! बॅट चेंडूच्या पोटात बसली की आवाज भरीव येतो आणि चेंडू सरळ जाळीच्या मध्यावर. चेंडूच्या खाली बसली की रबराचा "थप्प" आवाज आधी येतो आणि चेंडू जाळीच्या वरच्या दोरीकडे जातो. डोक्यावर बसली की चेंडू चार पावलांवर जमिनीत. नळी काही बोलत नाही, पण काय झालं ते लगेच दाखवते. आणि समोर कुणी नाही! चेंडू वेगात होता, ओला होता, टाकणारी चुकली, ऊन डोळ्यांवर होतं, यातलं काहीच म्हणता येत नाही. चेंडू तर जागचा हललेलाच नाही. मग चुकलं ते कुठे?

मला वाटलं होतं, हा प्रश्न तिला अजून खच्ची करेल. झालं उलटंच. मैदानावर चेंडू चुकला की तिला वाटायचं, "मी भित्री आहे." गच्चीवर चेंडू चुकला की ती म्हणायची, "खांदा लवकर उघडला." पहिल्या वाक्यावर काही इलाज नाही. दुसऱ्यावर आहे, आणि तोही लगेच, पुढच्याच चेंडूला.

पायाचा प्रश्न मात्र आईने सोडवला. आई म्हणजे माझी आई, धाकटीची आजी. वय शहात्तर, गुडघे दुखतात, पण संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचं सोडत नाही. होम प्लेटला पाच कोन असतात आणि ती १७ इंच रुंद असते, हे नातीकडून समजल्यावर तिने फूटपट्टी घेऊन गेरूने ती गच्चीवर अशी काढून दिली की मैदानावरची फिकी पडावी. मग म्हणाली, "पाय कुठवर जायला नको ते सांग." धाकटीने दाखवलं. आईने तिथे रांगोळीची एक बारीक रेघ ओढली. पाय बाहेर पळाला की रेघ पुसली जाणार. पहिल्या दिवशी दहा चेंडूंतच रेघ नाहीशी झाली. आईने पुन्हा ओढली. पुन्हा पुसली. पुन्हा ओढली. एका शब्दाने बोलली नाही (नियम तिलाही लागू होता). तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी पन्नास चेंडू झाले आणि रेघ होती तशी होती. तिघांनीही ते पाहिलं आणि कुणीच काही बोललं नाही. मी खाली जाऊन चहा टाकला.

वहीतले आकडे सांगतो. पहिल्या आठवड्यात पन्नासातले अकरा-बारा मधोमध. चौथ्या आठवड्यात अठ्ठावीस. सहाव्यात पस्तिशीच्या आसपास. मध्ये एकदा एकदम सतरावर आले, कारण त्या दिवशी उंची बदलली होती. शिवाय टीची जागाही बदलत राहावी लागते. अंगाजवळच्या चेंडूला टी थोडी पुढे ठेवायची, अंगापासून लांबच्या चेंडूला थोडी मागे, कारण खऱ्या खेळात ते चेंडू तिथेच गाठावे लागतात. एकाच जागी ठेवून मारत बसलं तर पोर त्या एका जागेची पंडित होते आणि बाकी ठिकाणी ढ.

आता थोडं विषयांतर, पण आहे ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमुळे. आमच्या जाळीच्या शेजारीच टाकी आहे, आणि आमच्या शहरात टाकीला चेंडू लागणं म्हणजे काय हे इथल्या माणसालाच कळेल. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी कितव्या दिवशी येतं हे कॅलेंडरवर लिहून ठेवत होतो. त्या टाकीवरून मी धाकटीला डॉन ब्रॅडमनची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियातल्या बोरल गावी लहानगा ब्रॅडमन घराच्या पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बैठकीवर गोल्फचा चेंडू मारायचा आणि उलटा येणारा चेंडू स्टंपने टोलवायचा. एकटाच, तासन्‌तास. पुढे १९३२ साली तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा न्यूयॉर्कला बेसबॉलचा सम्राट बेब रूथ याला भेटलाही. धाकटी म्हणाली, "म्हणजे त्याचा चेंडू पळायचा आणि माझा थांबतो." अगदी बरोबर. ब्रॅडमनच्या टाकीने नजर आणि चपळाई घडवली. टी फटक्याचा आकार घडवते. दोन्ही कामं वेगळी. दोघांत सारखं काही असेल तर ते एकटं सराव करणं.

म्हणूनच नुसत्या टीवर भीती जात नाही, हेही सांगायला हवं. थांबलेला चेंडू कुणाला लागत नाही, मग त्याची भीती कशाला वाटेल? पाय जागेवर बसल्यावर सरांनी पुढची पायरी दिली: बाजूला तिरकं बसून मऊ चेंडू अलगद उडवून द्यायचा. आईने जुने मोजे शोधले, त्यांत चिंध्या भरून गच्च शिवले आणि डझनभर चेंडू केले. मी पाटावर बसून ते उडवत राहिलो. दोन-चार माझ्या कपाळावर आले. सुनील गावसकरांनी 'सनी डेज'मध्ये लिहिलंय, लहानपणी घरात त्यांची आईच त्यांना गोलंदाजी करायची, एकदा फटका थेट तिच्या नाकावर बसला आणि रक्त आलं. तिने नाक धुतलं आणि पुन्हा चेंडू टाकायला उभी राहिली. मोज्याचा चेंडू कपाळावर घेऊन मी त्या माउलीला मनातल्या मनात नमस्कार केला. मोज्यांनंतर टेनिसचा चेंडू, मग खरा. अशा पायऱ्यांनी भीती उतरली. पूर्ण गेली असं ती म्हणत नाही. "आता चेंडू आल्यावर कळतं की भीती वाटतेय, पण पाय जात नाही," असं म्हणते.

आता मुख्य गोष्ट. ही लिहू की नको असा विचार करत होतो, पण आईने परवानगी दिली आहे.

दिवाळीनंतरची एक संध्याकाळ. मला उशीर झाला म्हणून आई नातीला चेंडू ठेवून देत होती. मी जिना चढताना ऐकलं, आई मोजत होती, पण एक-दोन-तीन नाही. "वकट... लेंड... मुंड... नाल..." विटी-दांडूची मोजणी! मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. वर गेलो तर धाकटी हसत होती, "आजी, हे काय मोजतेस?"

आईचं माहेर पैठणकडचं. जुनं गाव १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं, त्यामुळे तिथलं काही दाखवायचं म्हटलं तर दाखवता येत नाही. तिथे ती भावांबरोबर विटी-दांडू खेळायची. गलीवर विटी ठेवायची, दांडूने कोलायची, वर उडाली की टोला. "आमचीपण टीच की ती," आई म्हणाली, "फक्त जमिनीत." तिचा टोला दोन्ही भावांपेक्षा लांब जायचा, हे मला पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळलं. मग नातीने विचारलं, "मग कधी बंद केलंस?" आई म्हणाली, "तुझ्याएवढी झाले तेव्हा. मोठी झालीस आता, म्हणाले. दांडू चुलीत गेला."

तक्रारीचा सूर नव्हता. साखर संपली सांगावं तसं सांगितलं. धाकटी काही वेळ उभी राहिली. मग तिने टीचा बोल्ट काढला, नळी आजीच्या कमरेएवढी केली, बॅट आजीच्या हातात दिली आणि चेंडू ठेवून म्हणाली, "ठेवला."

आईने पदर खोचला. मला गुडघ्यांची काळजी वाटत होती, पण नियम आठवून गप्प राहिलो. आईने बॅट दांडूसारखी धरली, जरा कमरेतून वळली आणि मारलं. चेंडू जाळीच्या खालच्या बाजूला लागला. "डोक्यावर बसली," धाकटी म्हणाली. "परत ठेव," आई म्हणाली. चौथा चेंडू मधोमध गेला. गोधडी हलली. आईने बॅट परत दिली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हं. आता तू."

शहात्तर वर्षांच्या बाईला कुणी चेंडू टाकला असता तर ती उभी राहिली नसती, आणि आम्ही राहू दिलीही नसती. पण थांबलेला चेंडू थांबूनच असतो. तेरा वर्षांच्या घाबरलेल्या मुलीसाठी थांबतो तसाच साठ-बासष्ट वर्षं उशिरा आलेल्या आजीसाठीही थांबतो. तुझं वय काय, याचा पुढे उपयोग काय, हे विचारत नाही. व्यावसायिक खेळाडू त्याच्यापाशी का परत येतात याची शास्त्रीय कारणं आहेतच. मला मात्र त्या संध्याकाळी माझ्यापुरतं कारण मिळालं.

सहा आठवडे केव्हाच संपले. "सोडते" हा शब्द पुन्हा निघाला नाही. मीही काढला नाही. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात झालेल्या एका सामन्यात तिला दोनदा बॅटिंग मिळाली. दोन्ही वेळा चेंडू सणसणीत लागला, आणि दोन्ही वेळा समोरच्या मुलीने झेलला! बाद. शिवाय पहिल्यांदा क्रिकेटच्या सवयीने बॅट हातात घेऊनच पळत सुटली, बाकावरच्या सगळ्या पोरी ओरडल्या, "बॅट टाक, बॅट टाक!" संघ हरला. घरी येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "बाबा, दोन्ही मधोमध होते ना?" मी म्हटलं, "आवाज तरी तसाच आला."

बेसबॉलच्या चेंडूला १०८ दुहेरी टाके असतात. हे आईला सांगितल्यापासून तिने तो खेळ आपल्यातलाच मानला आहे. जपमाळेचे मणी तेवढेच! दुपारी पोथी वाचून झाली की ती एक जुना चेंडू हातात घेऊन लाल टाक्यांवरून बोट फिरवत बसते. धाकटीला सध्या घटक चाचणी आहे, त्यामुळे पन्नासाचे तीस चेंडू झालेत. नळी बदलायला झाली आहे, वरच्या भोकापाशी तडा गेलाय. या रविवारी नवा पाइप आणेन म्हणतो. सुट्टीचा दिवस आहे, पण आई म्हणाली, लवकर आण, सुट्टी नातीला आहे, मला नाही.